शिरांना आडवं

गड्ड्याचे दिवस. पहाटे बोटं गारठतात.
हत्तुरे मॅडमनी मंगळवेढ्याहून मालदांडीची पानं आणलेली,
वर्तमानपत्रात गुंडाळून. पानांवर तांबेरा.
अंगठा फिरवला तर गेरूसारखी भुकटी लागली.
एवढ्याशा भुकटीत किती बीजाणू,
हा हिशेब वहीत लिहायचा असतो. लिहिला.

पाण्याचा थेंब, अंधार, सहा तास.
मग भिंगाखाली पाहिलं:
बीजाणूला फुटलेली एक नळी, सुताहून सूत.
डोळे नाहीत तिला, नाक नाही,
कुणी चिठ्ठीवर पत्ता लिहून दिलेला नाही.
आहे ते सगळं टोकात.
टोक पुढे जातं,
मागचं रिकामं होत राहतं.

ज्वारीच्या पानाला उभ्या शिरा.
त्यांना ती आडवी जाते.
एक वरंबा, एक सरी, पुन्हा वरंबा,
अमावस्येला दुसऱ्याच्या रानातून निघालेला माणूस
पायांनीच मोजत जातो, तशी.
पानाची रंध्रं रांगेनं बसलेली.
रांगेच्या बाजूनं चालणारा जन्मभर चालेल,
आडवा जाणाऱ्याला कुठली तरी रांग लागतेच.
हिला हे कुणी शिकवलं?
मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या,
"उभ्या गेल्या, त्या उरल्या नाहीत."

रंध्राचा ओठ तो केवढा!
केसाच्या जाडीचे शंभर भाग करा, त्यातला एक.
तेवढा उंचवटा लागला की ती थांबते.
टोक फुगतं, जागेला चिकटतं,
आणि खालून एक खुंटी दारातून आत.

आमच्याकडे, कुंभारीच्या विडी घरकुलात,
अम्माच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
मांडीवर सूप, ओल्या गोणपाटात तेंदूची पानं.
ती बघत नाही. अंगठा पानावरून सरकतो,
जाड शीर लागली की थबकतो, पान फिरतं.
"इटु रा," म्हणते पानाला. इकडे ये.
शीर आत राहिली तर विडी फुटते,
आणि सिद्राम चेकर मूठभर विड्या
छाट म्हणून बाजूला सारतो.
छाटेचे पैसे नाहीत. विड्याही परत नाहीत.
अख्ख्या गल्लीत अम्माची छाट कमी.

तिला मी त्या नळीचं सगळं सांगितलं,
आंधळी असून दार कसं शोधते ते.
दोरा दातानं तोडून तिनं विचारलं,
"हजाराला काय घेते तुझी बुरशी?"

पुढच्या आठवड्यात मॅडमनी
पानाचा ठसा प्लास्टिकवर उतरवला.
तेच वरंबे, त्याच सऱ्या, ओठ तसेच.
खाली काही नाही. रस नाही, हिरवं नाही, दारच नाही.
नळ्या निघाल्या. आडव्या.
ओठ लागला तिथे थांबल्या, फुगल्या,
आणि खुंट्या ठोकत बसल्या प्लास्टिकवर.
चाळीसातल्या तेवीस.
"आता कळल्यावर मागे वळतील ना?"
"मागे काय आहे वळायला?"
मॅडमनी दिवा बंद केला.

पाच तारखेपासून कारखान्यानं पान दिलेलं नाही.
सूप भिंतीला उलटं टांगलंय.
रात्री पाण्याला उठलो तर
झोपेत अम्माची बोटं चाललेली,
अंगठा तर्जनीवर, वळ, दुमड, दोरा,
मध्ये काहीच नाही.
पहिल्यांदा वाटलं, हलवून उठवावं.
मग बाजूला बसलो, माझा हात तिच्या बोटांखाली सरकवला.
अंगठा मनगटाकडून वर आला,
फुगलेल्या शिरेपाशी थबकला.
"इटु रा."

मी हात फिरवून दिला.