बांगड्या

"बांगड्या," जशुभाई म्हणाले. एवढंच.
पदर खोचला होता मी, वेणी आत,
बाह्या कोपरापाशी घट्ट.
हातमोजे घालू? तर हसले.
"फिरत्या पात्याला कापड फार आवडतं, बेन.
एक धागा दिला की आख्खा हात मागतं."

साबण लावून उतरवल्या, काचेच्या, हिरव्या, बारा.
तरी दोन वाढल्या.
आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते.
त्यांच्याकडे चाळीस वर्षांत काही कमी झालेलं नाही.
रोज शटर ओढण्याआधी
अंगठ्याने बोटं मोजतात,
जपमाळ ओढावी तशी, पुटपुटत,
आणि मग कुलूप.

पाणीगेटच्या आत, उत्तरायणाला आठवडा.
समोरच्या ओट्यावर दोऱ्याला गुलाबी काच चढतेय,
पोरांच्या बोटांना आत्तापासून चिकटपट्ट्या.
आणि इकडे बालवाडीची बुटकी टेबलं, चोवीस.
कंत्राट दिरांचं, हात माझे.
एकाही कोपऱ्याचा कोपरा ठेवायचा नाही.

ट्रिमर एका मुठीत मावतो. हीच त्याची लबाडी.
पेन्सिलीसारखा धरावासा वाटतो,
आणि मिनिटाला तीस हजार फेरे.
बिट बदलायचं तर आधी प्लग. भिंतीतला.
स्विचचा भरवसा जशुभाई धरत नाहीत, जावयाचाही नाही.
बिट तळाला टेकवायचं, जवभर मागे ओढायचं,
दोन पान्यांनी आवळायचं.
वायर खांद्यावरून मागे सोडायची.
फळीला शिकंजा, डोळ्यांना चष्मा, नाकाला फडकं,
आणि आधी टाकाऊ तुकड्यावर एक रेघ.

सरळ गाईड कडेला बिलगून चालतो;
हात थरथरला तरी रेघ थरथरत नाही.
गोल गाईड एका खिळ्याला बांधलेला, घाण्याच्या बैलासारखा.
चाकाचा गाईड आधीच्या कडेवरून घरंगळतो.
कड वेडी असेल तर तो तिचं वेड तंतोतंत उतरवतो,
म्हणून आधी रंधा.
मी म्हटलं, गाईडच सगळं करतो, मग मी कशाला?
ते सनमायका पुसत राहिले.
"धीमे," म्हणाले थोड्या वेळाने. "धीमे, बेन."

पायांना सवय देवळाची, उजवीकडून फिरायची.
टेबलाच्या बाहेरच्या कडेने मात्र उलटं जायचं,
पात्याच्या अंगावर, त्याच्या सोबत नाही.
आतलं भोक कापताना तेवढी प्रदक्षिणा.
हे मला पाठ होतं.
आठ टेबलं झाली तोवर पाठ होतं.

नवव्याला मन दिरांच्या हिशेबात गेलं
आणि हात देवळात.
दावं तुटलेल्या वासरासारखा उधळला तो,
कडेने पळत सुटला मला ओढत,
चष्म्यावर टक्कन कपची.
शिकंजा होता म्हणून फळी जागची हलली नाही.
मी स्विच दाबला
आणि खाली ठेवायला गेले.

"ना."

बंद केल्यावरही ते फिरतं. थोडंच, पण फिरतं.
तेवढा वेळ ठेवायचं नाही कुठे.
दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं
आवाज उतरेपर्यंत.
मी उभी राहिले.
बाहेर कोणीतरी "कापला!" म्हणून ओरडलं,
पतंगच असणार.
जशुभाईंनी तोवर प्लग काढला होता
आणि चहा सांगितला होता, अर्धा-अर्धा.

नवव्याची कड नखाएवढी खाल्ली गेली.
ती गाडायची तर कोपरे आणखी आत घेऊन
मोठे गोल करावे लागले, चारही.
तीन-तीन मिलिमीटरनी, तीन खेपांत.
उलट्या दिशेने, मोठ्याने म्हणत.
बालवाडीत सगळी पोरं बहुधा तिथेच बसायला भांडतील.

घरी सासूबाईंनी आधी मनगटांकडे पाहिलं,
मग केसांतल्या भुशाकडे.
"किती उरल्या?"
मी पिशवीतून काढून भरत होते एकेक.
पाच या हातात.
पाच त्या.