मधल्या सप्तकातली काळी तीन

बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय सोल्डरच्या डब्यावर टेकलाय.
पुण्याहून आलात म्हणजे ऐकूनच आला असाल
की इंदूरला, जेल रोडवरच्या एका गाळ्यात
अशी पेटी आहे जिच्यात माणसं कोंडली आहेत.

कोंडलेली नाहीत. चिकटवलेली आहेत.
सदतीस पट्ट्या, म्हणजे बोटाखालच्या.
प्रत्येकीखाली टेपची एक पट्टी, वावभर लांब.
गाणारा ज्या उंचीवर गातो तिलाही आपण पट्टीच म्हणतो,
तेव्हा बोलताना घोटाळा झाला तर विचारा.

बोट दाबलं की टेप हेडवरून सरकते.
आठ सेकंद.
नंतर दाबून बसलात तरी काही नाही.
बोट उचला, स्प्रिंग तिला मागे ओढते,
मग पुन्हा पहिल्या श्वासापासून.

खरगोणकर सरांनी बांधली, सत्त्याहत्तर साली.
विलायतेत असलं यंत्र असतं म्हणे. सरांनी फोटो एकच पाहिलेला,
तोही पाठीमागून काढलेला.
स्प्रिंगा सियागंजच्या, किलोवर. मोटर शिलाई मशीनची.
टेप भंगारातली, पुरती न पुसलेली,
कान लावलात तर दोन-तीन ठिकाणी सुराच्या खाली
गव्हाचे भाव ऐकू येतात.

रेकॉर्डिंग रात्री, गोधड्या लटकवून.
डाव्या हाताला बायकांचा आकार:
फिलोमिना आणि पागनीसबाई, दोघी नर्सा, ड्यूटीवरून थेट,
अंगाला डेटॉलचा वास.
उजवीकडे इस्माईल मास्तरांची क्लॅरिनेट, वरातीच्या बँडमधली,
दर सुराला दीड रुपया आणि मध्ये सराफ्यातली जलेबी.
त्यांची पांढरी पाच ऐका. पाचव्या सेकंदाला मागे भोंगा.
मिल बंद होऊन तीस वर्षं झाली, चिमणीसुद्धा पाडली.
पाळी इथे अजून सुटते.

मग लग्नं, गणपती, देवास, उज्जैन, एकदा टेंपोतून खंडवा.
संध्याकाळी सातला गावभरचे पंप सुरू व्हायचे,
व्होल्टेज पडायचं, मोटर मंदावायची,
पेटी अर्ध्या सुराने खाली.
गाणारीही मग तिचं बोट धरून खाली.
लोक म्हणत, काय आर्त गाते हो.
वीज मंडळाचं काम ते.

आता ही, मधल्या सप्तकातली काळी तीन. दाबा.

काही नाही ना? नुसती सरसर.
हिच्याबद्दल फार ऐकाल.
वाजवणारा त्याच रात्री गेला, म्हणतात.
सरांनी हा सूर स्वतःसाठी राखला, म्हणतात.
एक दाढीवाला मुलगा आला, हे मौन आहे म्हणाला,
आणि डोळे मिटून बसला इथे तासभर.
त्याला चहा पाजून पाठवला.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा.
मास्तरांनी सूर धरला आणि तो असा लागला
की मी ऐकतच राहिलो.
लाल बटण दाबायचं काम माझ्याकडे होतं.

सकाळी मास्तर बँडबरोबर बुऱ्हाणपूरला गेले
आणि तिकडेच, सासुरवाडीला, छत्र्यांचं दुकान टाकून राहिले.
सरांनी मला विचारलं नाही.
किंवा विचारलं, आणि मी म्हणालो टेप खराब निघाली.
दुसरंच असावं.
बँडवाला दुसरा कोणी आणू का, म्हणालो होतो. तेव्हा सर
पट्टीवरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसत म्हणाले, राहू दे.
बाही पुसून पुसून काळी झाली होती, ते आठवतं.

भाव तुम्हीच सांगा. स्प्रिंगा सुट्या देईन, पाव किलो उरल्यात.
नेताना आडवी नेऊ नका.
आणि हो, आता व्होल्टेज पडत नाही,
तरी सातच्या सुमाराला ती जरा उतरते.
मोटर तापते, दुसरं काय.
पावणेसात झालेत. थांबताय?