आडात होतं तेच

विर्वेबाईंच्या आडाला कुलूप आहे.
किल्ली माझ्याकडे.
महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते,
फाटकापाशी गाडी लावते.
कुत्रं भुंकत नाही;
माझ्या बुटांना येणारा वास
त्याच्या घरचाच आहे.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?
इथे होतं. पोहऱ्यात आलं
काठोकाठ:
विमानांचं केरोसीन.
जंगलापलीकडच्या सोव्हिएत तळावर
टाक्या गळत, नळ्या गळत,
आणि हिशेबाच्या वहीत शिल्लक दिसू नये म्हणून
सैनिक उरलेलं सरळ
बर्चच्या मुळाशी ओतत.
खाली चुनखडक, भेगाच भेगा.
जे ओताल ते गिळतो,
पचवत काही नाही.

तेव्हा कुणी रडलं नाही.
वडिलांनी, एंडेलनी, कंदील भरले,
ट्रॅक्टर हाकला, पलीकडच्या गावात
लोण्याच्या बदल्यात बाटल्या दिल्या.
चहाचं पाणी मात्र
तीन किलोमीटरवरून, दुधाच्या कॅनमध्ये,
आणि ते आणायचं काम विर्वेचं.
खांदा अजून एका बाजूला कललेला आहे.

मी फीत खाली सोडते.
तेल लागलं की सलग वाजते,
पाणी लागलं की तुटक.
दोन आवाजांमधलं अंतर
म्हणजे माझी नोकरी.
पहिल्या वर्षी ब्याण्णव सेंटिमीटर.
मी नवीन होते, वाटलं,
पाण्यावर तरंगतंय ना,
साय काढतात तसं काढून घेऊ.

काढलंही. पंप दोन हिवाळे घुरघुरला.
मग येईना.
उरलेलं खडकाला धरून बसलं,
पातेल्याच्या बुडाला करपलेलं दूध जसं.
धावपट्टीजवळची माती खणून ट्रकने नेली.
(कुठे, असं विर्वेबाईंनी विचारलं.
मी गावाचं नाव सांगितलं.
तिथेही कुणाचा तरी आड असेल, त्या म्हणाल्या.)
जमिनीत हवा फुंकली,
वर आलेली वाफ कोळशाच्या पिंपात कोंडली,
आणि शेवटी
जे मुळात तिथेच होते, अर्धपोटी,
श्वास कोंडलेले,
त्या जिवाणूंना नत्र दिलं, प्राणवायू दिला,
म्हटलं, बसा जेवायला.

जेवतात. सावकाश.
उन्हाळ्यात बरं, थंडीत जेमतेम.
तालिनमधल्या साहेबांना दर तिमाहीला
उतरता आलेख हवा असतो.
जिवाणूंना तिमाही माहीत नाही.

आज फीत खाली गेली
आणि पहिलाच आवाज तुटक.
पुसली. पुन्हा सोडली.
तुटक.
तिसऱ्यांदा मी हातमोजे काढले, नियम मोडून,
जणू बोटांना जास्त कळतं.

विर्वेबाई ओसरीत उभ्या होत्या.
थर गेला, मी म्हटलं.
"म्हणजे प्यायचं?"
नाही. विरघळलेलं आहे, दिसत नाही,
ते अजून काही वर्षं.
"किती?"
त्यांचं वय त्यांच्यासमोर मोजायला नको,
मी उपकरणाचा डबा बंद केला,
उघडला, परत बंद केला.

त्या आत गेल्या. बाटली घेऊन आल्या.
बुचावर मेण, पट्टीवर वडिलांचं अक्षर:
आपला आड, ऑगस्ट ८१.
"हेही घाला तुमच्या त्या किड्यांना."

घालता येत नाही.
घातक कचऱ्याचा अर्ज असतो.
मी तो गाडीच्या बॉनेटवर ठेवून भरला.
प्रमाण: अर्धा लिटर.
ठिकाण: हेच.
मालक:
इथे आम्ही दोघी
बराच वेळ थांबलो,
बाटली मधे,
उन्हात इतकी नितळ
की कुणी तहानलेला आला असता
तर हात पुढे केला असता त्याने.