बावीस अक्षरं

रविवार उलटून गेलाय, पावणेदोन वाजलेत.
व्हिल्नियसच्या या इस्पितळात प्रयोगशाळा तळघरात,
म्हणून आम्हाला माणसं दिसत नाहीत,
नळ्या दिसतात.
नळीवर नाव नसतं, नुसता आकडा: सत्तेचाळीस.
पण याचं नाव मला ठाऊक आहे. झेनोनास.
लिफ्टपाशी त्याची बायको भेटली, स्तासे,
स्वेटरला अजून रानातला पाला चिकटलेला.
रडत नव्हती. वाट विचारत होती.

शुक्रवारी तिनं ओकच्या झाडांखालून
टोपलीभर अळंब्या आणल्या.
चाळीस वर्षं आणतेय, अंधारातही हात ओळखतो म्हणे.
त्यांत एक हिरवट टोपीची, पांढऱ्या देठाची,
दिसायला साधी, चवीला चांगली.
शेपू आणि साय घालून सूप झालं.
तिनं चाखलं नाही, दाढ दुखत होती.
आता ती त्या दाढेला बोल लावते.

शनिवारी पहाटे झेनोनासच्या पोटात आग पडली.
ओकला, कुंथला, पांढराफटक झाला.
आणि काल दुपारी उठून बसला!
पाव मागितला, नर्सची थट्टा केली,
मुलाला म्हणाला, गाडी काढ, गाईचं कोण बघेल?

हाच तो दिवस. वॉर्डात सगळे त्याला वचकून असतात.
विष दार लोटून घेतं
आणि आतल्या आत काम उरकतं.
नेहमीच्या तपासणीत एन्झाइम किंचित वर.
कागद म्हणतो, सकाळी बघू.

काळीज म्हणतो आपण आणि हात छातीवर ठेवतो.
काळीज तिथं नसतंच.
ते उजवीकडे, बरगड्यांच्या आडोशाला,
दीड किलोचं, सोशीक.
खाटकाला विचारा, तो कधी चुकत नाही.
जळतं तेव्हाही ओरडत नाही ते.
फक्त पेशी उसवते आणि तिच्यातली एक चिठोरी
रक्ताला लागते.
बावीस अक्षरं. तीही चारच अक्षरं उलटसुलट करून लिहिलेली.
जन्मभर हिचं काम दुसऱ्यांना गप्प करणं,
या जनुकाला चूप, त्या जनुकाला चूप,
आणि आज हीच घराबाहेर पडून बोलतेय.

रक्तरस पिवळा हवा, गुलाबी झाला की फुकट.
हा पिवळा आहे.
मी त्यात एका अळीची अक्षरं मोजून घालते,
माणसात नसतात ती,
शेवटी तेवढीच परत मिळाली
तर वाटेत काही सांडलं नाही असं समजायचं.
मग यंत्र दुप्पट करत जातं, दुप्पटीची दुप्पट,
निरोगी माणसाची रेघ तिसाव्या फेरीच्या आसपास डोकं वर काढते.
अळीची रेघ वेळेवर आली.
सत्तेचाळीसची एकोणिसाव्या फेरीतच उठली.
मी खुर्ची मागे सरकवली.

ही अभ्यासाची नळी. हिच्या निकालाला रिपोर्टात रकाना नाही.
हजार नळ्या होईपर्यंत, चुका मोजून होईपर्यंत
हा आकडा वर जायचा नाही.
नियम चांगला आहे. त्याच्यावर माझी सही आहे.

फोन राइमोंदानं उचलला.
"सत्तेचाळीसला सकाळी सोडताय?"
"मुलगा हट्टाला पेटलाय."
"नका सोडू."
तिकडे कुणाचा तरी मॉनिटर टिकटिकत होता.
तिनं आकडा विचारला नाही, मी सांगितला नाही.
"रक्त परत काढते," म्हणाली, "आणि प्रत्यारोपणवाल्यांना उठवते."

सहा वाजता चहाच्या यंत्रापाशी स्तासे.
नाणं आत जात नव्हतं, मी घालून दिलं.
"चुलीवर अळंब्यांच्या दोन माळा वाळतायत. फेकू?"
"फेका."
"सगळ्या?"
"सगळ्या."
ती कपाकडे बघत राहिली. मग म्हणाली,
"शेजारच्या ओनुतेला वाटीभर सूप दिलं होतं.
पण ती ठीक आहे.
काल फोनवर म्हणाली, पोट जरा बिघडलं होतं,
आता बरं वाटतंय."