बिनपट्टीचं कार्ड

मारेननं कार्डांवर रंगीत पट्ट्या चिकटवल्यात:
हिरवी किराण्याला, लाल पेट्रोलला,
निळी बाहेर जेवायला,
आणि उरलेल्या अख्ख्या जगासाठी
एक बिनपट्टीचं.

मी बर्फ ढकलतो. ड्युलूथमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल
पहाटे तीनला ट्रकला पातं लावून निघतो
आणि सरोवराकडेचा रस्ता
लोक उठायच्या आत लोकांना परत देतो.
मला रंग कळतात.
पण काउंटरवरच्या पोरीसमोर बोटं गडबडतात.
एकदा पंपावर निळं कार्ड घासलं, चौऱ्याहत्तर डॉलर.
"एकशे अठ्ठेचाळीस पॉइंट बुडाले," मारेन म्हणाली.
बुडाले कुठे? पेट्रोल टाकीत होतं की.
पण तिचा हिशेब टाकीचा नाही.

तिचा हिशेब असा:
हिरवं डॉलरला चार देतं, लाल तीन, निळंही तीन.
पण लालचे पॉइंट एकटे असले की मुके,
हिरव्याचेही तसेच,
निळ्याच्या खात्यात ओतले तरच विमान कंपनी त्यांना ओळख देते.
म्हणून या कार्डाची टोपी त्या कार्डाला,
एकच गंगाजळी.
बँक म्हणते, घ्या आवळा.
मारेन म्हणते, घेतला,
आणि दर बावीस तारखेला पै न पै फेडून
कोहळा परडीतच ठेवते.

शुक्रवारी बोलिंगच्या मंडळींबरोबर मासे खायला जातो.
बिल आलं की तिचा हात सगळ्यांच्या आधी.
औदार्य नव्हे. मग टेबलभर नोटा गोळा करते,
ग्लेनकडून तर सुट्टेसुद्धा.
"आमच्या तळलेल्या माशांवर बसून उडणार ही!" डेलोरेस म्हणते.
"दोघं उडणार," मारेन म्हणते.

इथे मी पाण्याचा ग्लास उचलतो.

छप्पन्न वर्षांत मी विमानात बसलेलो नाही.
तिला वाटतं वेळ नव्हता, पैसा नव्हता.
मी वाटू दिलं.
बर्फाच्या चार फूट खाली का होईना,
रस्ता आहे हे मला माहीत असावं लागतं.

फ्रीजवर तिनं लिहून ठेवलेलं: लिस्बन, एक लाख वीस हजार.
फेब्रुवारीत आम्ही एक लाख सोळा हजारांवर होतो
आणि कंपनीनं रातोरात दर बदलला.
एक लाख सत्तर.
शहर आपल्या जागी, समुद्र आपल्या जागी,
मधलं अंतर तेवढं कुणीतरी टाय लावून वाढवलेलं.

मारेन काही बोलली नाही.
जुना आकडा खोडला. नवा लिहिला नाही.
चारही कार्डं रबर लावून
बटणांच्या डब्यात ठेवली.
मला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं,
आणि लगेच त्या सुटण्याची इतकी लाज
की उठून बाहेर जाऊन काचेवरचा बर्फ खरवडला.
गाडी कुठे न्यायची नव्हती.

त्या आठवड्यात अठरा इंच पडला.
चौथ्या पहाटेनंतर, ड्युटी संपवून,
मी डब्यातून रबर काढलं.
पेट्रोल लाल कार्डावर भरलं, न चुकता.
शेजारच्या ऑर्विलच्या टायरचे पैसे मी भरले,
रोख त्याच्याकडून घेतली, सुट्टेसुद्धा.
मग हार्डवेअरच्या दुकानातून एक फावडं,
एकेचाळीस डॉलर, बिनपट्टीचं, डॉलरला दीड.
घरात फावडी तीन आहेत.

पावत्या फ्रीजवर चुंबकाखाली लावल्या.
संध्याकाळी तिनं चष्मा शोधला.
"फावडं?"
"बासष्ट पॉइंट," मी म्हणालो.

ती हसली नाही.
पेन्सिलीला टोक केलं,
बासष्ट मिळवले, टायर मिळवले, पेट्रोल मिळवलं,
बेरीज दोनदा तपासली,
आणि मान वर न करता विचारलं,
खिडकीची जागा कुणाला.

"तू घे," मी म्हणालो.