तिकीट मावशीकडे

त्यांना मी खोटंच सांगितलं होतं:
एक बेट आहे, बेटावर मत्स्यालय,
मत्स्यालयाच्या मागे वाघ-सिंह, हत्ती-बित्ती,
आणि तिकीट मावशीकडे.

ताईला पहाटेच कॉलेज रोडच्या दवाखान्यात आणलेलं.
रिसेप्शनपाशी काचेची पेटी, तीत एकच काळा मासा
आणि तोंडातून बुडबुडे सोडणारी प्लास्टिकची सुसर.
निहार काचेला नाक लावून उभा.
नर्स म्हणाली, वेळ लागेल, पोरांना कुठंतरी घेऊन जा.
कुठंतरी म्हणजे कुठं, हे काही ती बोलली नाही.
भाऊजी नुसते किल्ल्या वाजवत राहिले.

सायखेड्यापुढे द्राक्षांच्या घडांना कागद गुंडाळलेले.
"यांना कपडे का घातलेत?" शाल्मलीनं विचारलं.
थंडी वाजते म्हणून, मी म्हणाले.
हे सकाळपासूनचं दुसरं.

नांदूर-मधमेश्वरला पाणी जिथवर नजर तिथवर,
वर धुकं, दुधावर साय धरावी तसं.
दौलत नावाचा पोरगेला गाइड दुर्बीण खांद्यावर घेऊन आला.
तो चमचा बघा, तो शेकाट्या,
ती जांभळी पाणकोंबडी, चालते कशी,
नवी साडी भिजेल म्हणून पाय उचलत.
"आणि पिंजरे?" शाल्मलीनं हिशोब मागितला.
"धुवायला टाकलेत," दौलत म्हणाला,
एवढ्या गंभीरपणे, की मलाही क्षणभर पटलं.

निहारला उलट्या क्रेटवर उभं केलं.
दुर्बिणीत त्याला त्याच्याच पापण्या दिसल्या.
"गवत आहे. काळं गवत. हलतंय."

पण बेट होतं.
मधोमध मातीची एक पट्टी,
तिच्यावर वाळकी बाभूळ आणि एक म्हैस.
"पाणघोडा!"
दौलतनं दुरुस्त केलं नाही, मीही नाही.
म्हशीनं एक कान हलवला
आणि पद स्वीकारलं.

मत्स्यालय काठावर निघालं:
एका भोईणीच्या जर्मनच्या पातेल्यात
चार मरळ, बाकी बोटबोटभर चिल्लर.
"हे विकायचे का बघायचे?"
"बघायला पैसं नाय पडत, बाई."
तिनं शाल्मलीला बाई म्हटलं,
तशी ती इंचभर उंच झाली
आणि मग हळूच, पातेल्यातच बघत:
"त्या डॉक्टरांच्या फोटोत बाळ पोहत होतं ना?
मग बाहेर आल्यावर काय करतं?"
रडतं.
"पाण्यासाठी?"

मी फोन वर धरला. रेंजची एक दांडी
आली, गेली,
आली, गेली.

तेवढ्यात कुठून तरी भोवत्या घिरटला
आणि सगळं पाणी उठलं.
हजारभर पंख एकदम, ओली चादर झटकावी तसे.
निहारनं कान झाकले, डोळे उघडेच.
शाल्मली मोजत राहिली: सोळा, सतरा, शंभर, नऊ.
भोवत्या रिकामाच गेला.
पाखरं परत बसली, पण आपापल्या जागा बदलून.
खारीक-डिंकाचे लाडू डब्यात तसेच राहिले.
ताईसाठी केलेले; मी चुकून उचलून आणलेले.

परतताना निहारच्या मांडीत पाण्याची बाटली,
भोईणीनं फुकट दिलेला मासा आत.
झाकण लावू देईना. प्रत्येक खड्ड्याला
थोडं पाणी सीटवर, थोडं त्याच्या चड्डीवर.
चांदोरीजवळ फोन थरथरला,
एकदा नाही, सात वेळा, अडवलेलं सगळं एकदम.
रसवंतीच्या कडेला गाडी घेतली.
शाल्मली झोपलेली, तोंड उघडं.
मी आधी बाटलीत वाकून बघितलं.
कल्ले हलत होते.

"मावशी," अर्धवट झोपेतून निहार,
"पाणघोडा रात्री कुठं जातो?"
घरी, मी म्हणाले. कोणीतरी न्यायला येतं.
दिवसभरात एवढं एकच खरं सांगितलं
आणि मग पहिला मेसेज उघडला.