काळ्या घशाचा मासा

साहेबांनी चालता चालता सांगितलं, अर्धा कोट घातलेला:
पाहुणे बेल्जियमचे, तिघे, गुरुवारी. जेवणाची जागा तू बघ.
तू बघ. म्हणजे चुकलं तर माझं,
जमलं तर कंपनीचं.
अकरा वर्षं चमच्यांच्या कारखान्यात हिशेब लिहितेय,
त्सुबामेत एवढं व्याकरण तर येतंच.

जुन्या मेलांतून माणसं गोळा केली.
फरस्ट्रेपेन यांचा गुडघा बदललेला. खाली बसणं नाही.
डॉक्सबाईंना मांस चालत नाही, मासा चालतो,
पण ताटातून बघणारा नको.
तारिक डुक्कर खात नाहीत, दारू घेत नाहीत,
आणि आमच्या प्रत्येक रश्शात पळीभर मिरिन,
म्हणजे दारूच, फक्त गोड बोलणारी.

स्टेशनसमोरच्या हॉटेलात खुर्च्या होत्या.
भिंतीवर प्लास्टिकचा समुद्र.
चमचा उलटा करून पाहिला. परदेशी शिक्का.
चमच्यांच्या गावात!
कानाला खडा लावून बाहेर पडले.

नदीकाठच्या ठिकाणी बाग, शेवाळ, दिव्यांचा मंद उजेड,
आणि दारातच बूट काढायचे.
करारमदार मोज्यांवर येऊन ठेपणार.
पाहुण्यांचं ठाऊक नाही. आमच्या साहेबांच्या
डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक आहे.
बोनस जाहीर झाला त्या दिवशी पाहिलंय मी.

तिसरं नागुमोबाईंचं. पाटी जेमतेम वाचता येते.
मागच्या खोलीत टेबल, सहा खुर्च्या, एक डुगडुगती.
मी मिरिनचं विचारलं तेव्हा त्यांनी हात पुसले,
"नाही घालणार," म्हणाल्या, जणू मी मीठच कमी सांगितलं.
पायाखाली कागदाची घडी सारून मी खुर्ची सरळ केली.

वाफवलेल्या अंड्याच्या वाटीत चमचा होता. उलटा केला.
आमचाच. बंद झालेला नमुना, देठावर गव्हाची लोंबी,
आणि डावी कड झिजलेली,
तीसेक वर्षं एकाच हाताने भांडं खरवडल्यासारखी.
म्हातारपणी चमचा कसा दिसतो
हे आमच्या कॅटलॉगात कुठेच नाही.
इथेच, मी ठरवलं.

"किती जणांचं?"
सहा.
"तुला धरून?"
मला सोडून.
त्यांनी वहीत सहाचा आकडा काढला, सावकाश,
आणि आत जाऊन एक मासा भाजायला ठेवला.
"मग तू आजच खा."

गुलाबी मासा. मिठाची खरपूस साल.
नागुमोबाईंनी चॉपस्टिकने त्याचा जबडा उघडून दाखवला:
आत काळंभोर. दौत सांडल्यासारखं.
"नोदोगुरो. काळा घसा. वरून कळत नाही कुणाला."
पहिल्या घासाला मी काहीच बोलले नाही.
दुसऱ्यालाही.
पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या. वाटीखाली सरकवून आले.

गुरुवारी घरी भात, मुळ्याचं लोणचं,
टीव्हीचा आवाज बंद.
आत्ता खुर्च्या ओढल्या असतील. आत्ता पहिली वाटी.
डुगडुगत्या खुर्चीवर कोण बसलं असेल?

आठ चाळीसला फोन. साहेब, कुजबुजत:
"त्या माशाला इंग्रजीत काय म्हणतात गं?
डॉक्सबाईंनी डोकं मागवून घेतलंय,
तोंडात मोबाइलचा दिवा मारून बघतायत, सोडतच नाहीत."
मागून हसणं, चमचे, नागुमोबाईंचा खोकला.

इंग्रजी नाव मला येत नव्हतं.
स्वयंपाकघराच्या काळ्या खिडकीसमोर उभी राहिले,
फोन कानाला तसाच,
आणि का कोण जाणे, आ केला.

"हॅलो? आहेस ना?"
आहे, म्हटलं.
सांगा त्यांना, घसा काळा असतो.
एवढं सांगितलं तरी पुरे.